जिना माझ्याकडे, बोअर तुझ्याकडे

विलास, निखिल गेल्या महिन्यात येऊन गेला. घराची तुझी अर्धी बाजू विकायची आहे म्हणाला. गिऱ्हाईकही मिळालं आहे. सुरतेकडचं कुटुंब आहे, माणसं चांगली वाटतात. फक्त माझी सही हवी. प्लॉट आपल्या दोघांच्या नावावर, न वाटलेला, त्यामुळे माझ्या सहीशिवाय तुझं अर्धं घर विकता येत नाही. मी त्याला चहा दिला, सुनंदाने पोहे केले, आणि ‘सहीचं बघू’ असं म्हणून त्याला पुण्याला परत पाठवलं.

तू असतास तर पोट धरून हसला असतास. इतकी वर्षं मी तुला सांगत आलो की असलेल्याचे तुकडे करू नयेत, आणि तू मला सांगत आलास की ज्याला निघायचं आहे त्याला निघू द्यावं. आता तुझाच मुलगा निघतो आहे आणि मी दिल्लीतल्या एखाद्या खात्यासारखा फायलीवर बसलो.

तुझा फोटो वहिनींनी अजून भिंतीवर लावलेला नाही. टेबलावर आहे, कपाटाला टेकवून. भिंतीत खिळा ठोकायचा म्हणजे त्या घरात राहायचं ठरवणं झालं, असं त्यांना वाटत असावं.

आपली ओळख झाली ती एक मेला. इथल्या महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम होता, मी खजिनदार, तू सरकारी शाळेत अर्थशास्त्र शिकवायला नुकताच आलेला. अध्यक्ष संयुक्त महाराष्ट्रावर बोलत होते. मी पेढ्यांचा खोका घेऊन ओळीने फिरत होतो. तू हात मागे घेतलास.

“मी वर्ध्याकडचा. आज माह्या घरी सुतक.”

“सुतकात पेढा चालत नाही का?”

“मंडळाच्या खर्चाचा असन तं चालते.” आणि दोन उचललेस.

मी खान्देशातला. आमच्याकडे विदर्भ वेगळा व्हावा असं म्हणणारा माणूस मी तोवर फक्त पेपरात वाचला होता. प्रत्यक्षात तो असा पेढे खाणारा, ढगळ शर्टातला, मोठ्याने हसणारा असेल असं वाटलं नव्हतं. त्याच संध्याकाळी दमणगंगेच्या काठाने चालताना तू मला कापूस, कोळसा, वीज आणि अनुशेष यांवर पूर्ण तास घेतलास. मी तुझं एकेक वाक्य खोडत गेलो. घरी पोचलो तेव्हा घसा बसला होता. सुनंदा म्हणाली, “भांडण झालं का कोणाशी?” मी म्हणालो, “नाही. मित्र मिळाला.”

गंमत अशी की आपण दोघं महाराष्ट्र एक राहावा की दोन व्हावेत यावर भांडत होतो, आणि राहत होतो जिथे महाराष्ट्रच नव्हता. सिल्वासात. पोर्तुगिजांच्या हातून सुटल्यावर काही वर्षं हे गाव कोणाच्याच ताब्यात नव्हतं, आपलं आपण चालत होतं. मग भारतात सामील व्हायच्या करारावर सही करायला त्या प्रदेशाचा कोणीतरी प्रमुख हवा, म्हणून एका अधिकाऱ्याला एका दिवसापुरता पंतप्रधान केलं. ही गोष्ट तू दर वर्षी बारावीच्या पहिल्या तासाला सांगायचास. “पायलं का पोरांनो, जगातला एकच पंतप्रधान असा, ज्याचं पहिलं आणि शेवटचं काम आपला देश बंद करणं.” पोरं हसायची. तू घरी येऊन मला म्हणायचास, “पण पाय न, कोणी मेलं नाही. कागदावर सही झाली, चहा झाला असन, संपलं. असंबी होऊ शकते.” मी म्हणायचो, एकत्र येताना असं होतं. वेगळं होताना दाखव.

तू चेकोस्लोव्हाकिया दाखवलंस. लोकसंख्येच्या हिशेबाने दोनास एक असे वाटे केले आणि हात मिळवून बाजूला झाले. मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू. दोनास एक. स्वच्छ प्रमाण. मी म्हणालो, असं सगळीकडे झालं तर माझी हरकत नाही. मग मी तुला सुदान दाखवलं. तेल दक्षिणेत आणि ते समुद्रापर्यंत नेणारी पाइपलाइन उत्तरेत. वेगळे झाले, आणि वेगळे झाल्यावर कळलं की एकाकडे विहीर आहे आणि दुसऱ्याकडे रहाट.  मग म्हणालास, “हे वाटणीचं पाप नाही. हे एकत्र असताना पाइपलाइन कुठून नेली त्याचं पाप आहे. बांधताना कोणी विचार नाही केला.”

हे तू बोललास तेव्हा आपलं घर बांधून काही वर्षं झाली होती. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

घराचा हिशेब माझा होता. गावातल्या टोकरखाडा भागात दोन वेगळे छोटे प्लॉट घेण्यापेक्षा एक मोठा स्वस्त पडत होता. दोन स्वतंत्र घरांपेक्षा मधली भिंत एकच ठेवलेलं जुळं घर स्वस्त. एक बोअर, एक टाकी, एक जिना, एक शोषखड्डा. कंत्राटदारापुढे मी कागद ठेवला तेव्हा तू म्हणालास, “ओ हिशेबनीस, म्हणजे मले विलीन करून घेतलं तू.” बोअरला पाणी तुझ्या बाजूच्या परसात लागलं. जिना माझ्या बाजूने चढवणं सोपं होतं. टाकी गच्चीवर, बरोबर मधोमध. मोटर तुझ्याकडे सुरू करायची आणि टाकी भरली की नाही ते माझ्या जिन्याने वर जाऊन बघायचं. रोज सकाळी तू खालून ओरडायचास, “झाली काय बे?” आणि मी वरून, “थांब, अजून चार बोटं.” आपल्या घरात निम्मं संभाषण एवढंच होतं.

मधली भिंत मी एका विटेची ठेवली, तीही काटकसरच. तुझा खोकला ऐकू यायचा. वहिनींनी फोडणी दिली की सुनंदा सांगायची आज तिकडे काय आहे. चहा झाला की तू भिंतीवर टकटक करायचास. मुलं लहान होती तोवर त्यांना वाटायचं, सगळ्यांच्याच घरात भिंतीतून चहा येतो.

मी राखोलीच्या सूत कारखान्यात हिशेब बघायचो, म्हणून सीमा म्हणजे काय ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. नाक्यावर आमचा ट्रक उभा राहायचा. पलीकडे गुजरात, अलीकडे आपण, मध्ये एक बांबू, आणि त्या बांबूपाशी माल तापत पडायचा. मी तुला म्हणायचो, तुझं प्रत्येक नवं राज्य म्हणजे असा एक बांबू. पुढे जीएसटी आला, नाके उठले. त्या दिवशी तू शाळेतून थेट माझ्याकडे आलास. चप्पलही काढली नाहीस.

“बांबू गेला! आता बोल. आता लहान राज्याले खर्च काय?”

“सीमेचा खर्चच गेला, तर वेगळं होऊन मिळणार काय?”

“मान. सीमा फुकट झाली तं अपमान कायले सोसायचा?”

मी म्हणालो, मानाचा आकडा मांडून दाखव. तू म्हणालास, “तुह्या या आकड्यापायीच देश फुटतात, हिशेबनीस.” आणि चहा मागितलास.

मी म्हणायचो की लहान प्रदेशाला कर कमी ठेवणं परवडतं, कारण सैन्य, रेल्वे, चलन दुसरं कोणीतरी सांभाळत असतं. आपलं सिल्वासा त्याचाच नमुना. करात सूट होती तोवर कारखाने आले. सूट संपली, दुसरीकडे डोंगरात नवी सूट निघाली, तेव्हा आमच्या कारखान्यातल्या मशीनची अख्खी एक रांग उचलून तिकडे गेली. त्या मशीनवर काम करणारी माणसं इथेच राहिली. तू म्हणायचास, तेच तर मी सांगून राहिलो, मले देश तोडायचा नाही, छत्री तीच ठेवून छत्रीखाली आपली जागा पायजे. दमण आणि आपला प्रदेश जोडून एक केला तेव्हा तू दिवसभर नाराज होतास. “एवढंसं होतं, तेबी जोडलं.” रविवारी आपण चौघं दादऱ्याच्या वनगंगा तलावावर जायचो. वाटेत गुजरातचा पट्टा लागायचा. तू स्कूटरवरून मागे वळून ओरडायचास, “चला, परदेश आला, पासपोर्ट काढा!” आणि वहिनी तुझ्या पाठीत गुद्दा घालायच्या.

श्रीमंत प्रांत म्हणतो, आमच्या पैशावर बाकीचे जगतात. गरीब प्रांत म्हणतो, आम्हाला लुटून बाकीचे श्रीमंत झाले. दोघांकडे आकडे असतात आणि दोघांचे आकडे बहुधा खरे असतात. हे मला तुझ्याशी भांडून कळलं. एवढं शिकवल्याबद्दल तुझे आभार मी कधी मानले नाहीत. हरल्यासारखं झालं असतं.

शेवटच्या संध्याकाळी आपण स्कॉटलंडवर होतो. मी म्हणत होतो की नोटा कोणाच्या वापरणार, कर्जातला वाटा किती उचलणार, या प्रश्नांवर तिथल्या लोकांनी विचार करून ब्रिटनमध्येच राहायचं ठरवलं. म्हणजे हिशेबाने देश टिकला. तू मान हलवत होतास.

“हिशेबानं कोणी वेगळं होत नाही अन् हिशेबानं कोणी एकत्रबी राहत नाही. मन आधी होते. हिशेब मागून काढतात, शेजाऱ्याले दाखवाले.”

“मग तू आयुष्यभर शिकवलंस ते काय?”

“शवविच्छेदन. कशानं मेला ते सांगते. वाचवत नाही.”

मला राग आला. तुझ्या तोंडून असं ऐकायचं नव्हतं. आशा बाळगायचं काम तुझं होतं, शंका काढायचं माझं. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात टाकी ओसंडायला लागली, तू मोटर बंद करायला धावलास, आणि तिकडूनच “उद्या बोलू” म्हणालास.

सकाळी भिंतीवर आवाज झाला. टकटक नव्हती ती. वहिनी दोन्ही हातांनी भिंत बडवत होत्या.

मी दारातून धावत आलो, अंगणाला वळसा घालून. तुला खाली घेतलं. छाती दाबत राहिलो, जसं कारखान्यात आम्हाला एकदा शिकवलं होतं तसं. गाडी आली, दवाखाना झाला, डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं की झोपेतच गेले. म्हणजे मी दाबत होतो ते कशाला, कोणाला, ते आता विचारायचं नाही असं मी ठरवलं आहे.

तू निवृत्त होऊन वर्ष उलटलं होतं. नोकरी संपली की वर्ध्याला जाणार, विदर्भ राज्य झालं की पहिल्या एक मेला तिथे पेढे वाटणार, असं तू इतकी वर्षं म्हणत होतास. निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात तू परसात पेरूचं रोप लावलंस. मी विचारलं नाही की जाणार कधी. विचारलं तर तुला आठवेल आणि तू जाशील, अशी भीती वाटायची. आता विचारायला पाहिजे होतं असं नाही म्हणत. विचारलं नाही, एवढंच सांगतो.

पण उत्तर माझ्याजवळच होतं, ते मला गेल्या आठवड्यात सापडलं. घराच्या करारनाम्याच्या वेळी वापीचा तो वकील आठवतो? म्हातारा, सतत पान चघळणारा. तो म्हणाला होता, “दोघं मित्र आहात, चांगलं आहे. पण उद्या वेगळं व्हायचं झालं तर कसं, ते एक कलम घालून टाकू.” मी तुझ्याकडे बघितलं. कारण ते कलम हा तुझा आवडता विषय होता. एकत्र येण्याच्या पहिल्याच पानावर बाहेर पडायची वाट लिहिलेली असावी, ती लिहायला देश विसरतात आणि मग रक्ताने लिहावी लागते, हे तू किती वेळा सांगितलं असशील. मला वाटलं आता तू त्या वकिलाला तासभर धरणार. तू हात झटकलास. “लिहू नका हो. आमाले कुठं जायचं आहे?”

वकील हसला, मी हसलो, चहा आला.

तुझ्यासारख्या माणसाने एवढी मोठी चूक विसरून केली नसणार. इतक्या वर्षांत सोडून जायची भाषा तुझी, आणि वाट लिहून ठेवायला नकार देणाराही तूच. हे मला तेव्हा कळलं असतं तर भांडणात मी ते नक्की वापरलं असतं. आता कोणावर वापरू?

निखिलला मी नाही म्हणालो नाही. तुझ्या माझ्या भांडणांतून जे शिकलो तेच केलं. अटी काढल्या. बोअरमध्ये माझा निम्मा हक्क कायम. नव्या मालकाने जिना बाहेरून स्वतःचा बांधावा, पण माझ्या खिडकीचा उजेड न अडवता. शोषखड्डा माझ्या बाजूला आहे, त्यांनी वेगळा काढावा. टाकी मधोमध, तिचं काय ते ठरेपर्यंत व्यवहार थांबवावा. मी हे सगळं सुवाच्य लिहून काढलं. प्रत्येक अट रास्त होती, विलास. एकेक घेतलीस तर तूही मान्य केली असतीस.

सुनंदाने वाचलं. मग म्हणाली, “तुम्ही घर वाटताय की त्यांना कोंडताय?”

“हिशेब नको का?”

“हिशेब कसला? इतक्या अटींवर कोण घेणार ते घर? तुम्हाला ते विकलं जायलाच नको आहे.”

खरं होतं. जाणाऱ्याला थेट अडवता येत नाही तेव्हा जाणं महाग करून ठेवतात. नोटा देणार नाही, कर्ज उचला, पाइपलाइनचं भाडं भरा. आणि याला ते प्रेम म्हणतात. मीही म्हणत होतो. तू असताना मला वाटायचं की एकत्र ठेवणारे शहाणे असतात आणि निघणारे हट्टी. आता मी एकत्र ठेवणाऱ्यांच्या खुर्चीत बसून बघितलं. इथे शहाणपण फारसं नाही. भीती आहे. त्या भिंतीपलीकडे परक्याचा खोकला ऐकू येईल, एवढीच माझी सगळी अर्थनीती.

विकत घ्यावी म्हटलं तर मला तुझी बाजू झेपत नाही. निवृत्ती तोंडावर आली आहे, धाकटीचं शिक्षण चालू आहे. निखिललाही पुण्यात घर हवं आहे, त्याची चूक नाही. कोणाचीच चूक नाही. हेच मला सहन होत नाही. चूक असती तर दुरुस्ती निघाली असती.

मग एक दिवस वहिनी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. मी बोअरचा विषय काढणार होतो.

“भाऊजी, पाण्याचं, जिन्याचं मले समजते. यायनं मले एवढी वर्षं तेच तं ऐकवलं. पण मी त्या भिंतीकडं पाहू शकत नाही. रोज उठलं की हात दुखतात माहे.”

मी अटींचा कागद घडी करून खिशात ठेवला.

“तुमी अडवलं तं मी राहीन,” त्या म्हणाल्या. “तुमचा शबद मोडनार नाही मी.”

विलास, ही सगळ्यात वाईट गोष्ट होती. मी अडवलं असतं तर त्या खरोखर राहिल्या असत्या. सकाळी उठून भिंतीकडे पाठ करून चहा केला असता, मोटर सुरू केली असती, आणि मी जिन्यावर जाऊन चार बोटं बाकी आहेत म्हणून ओरडलो असतो. माझ्या दृष्टीने काही मोडलं नसतं. एक माणूस आतून संपत गेला असता आणि माझ्या कागदावर सगळं अखंड दिसलं असतं. तू म्हणायचास ते मान नावाचं प्रकरण, ज्याचा आकडा मी तुझ्याकडे मागत होतो, ते बहुतेक हेच होतं. वहिनींच्या हाताचं दुखणं मला कुठल्या रकान्यात घालता आलं नाही.

मी अटींचा कागद फाडला. तुझा विजय म्हणून नाही, तेवढं मोठं मन माझं नाही. मला दुसरं काही सुचलं नाही.

आज आम्ही नोंदणी कार्यालयात गेलो. निखिल, वहिनी, मी आणि ते सुरतेचे गृहस्थ. त्यांनी मला नमस्कार केला, “अंकल, पाणीनी चिंता नहीं करता,” असं गुजरातीत धीर दिला. जुन्या बोअरचं पाणी माझ्याच टाकीत येत राहील, स्वतःसाठी ते नवा खोदून घेणार आहेत, जिनाही बांधणार, आणि गच्चीवर मध्ये भिंत घालणार आहेत. टाकी माझ्याकडे राहील. सगळं सरळ झालं. माणूस भला आहे. त्याच्यावर रागावताही येत नाही.

खिडकीमागचा कारकून तरुण होता, घाईत होता. तुझ्या मृत्यूचा दाखला उलटून बघितला आणि मला विचारलं, “आप मयत के कौन?”

“दोस्त,” मी म्हणालो.

त्याने संगणकावर खालीवर केलं. “वो तो नहीं है इसमें. खून का रिश्ता?”

“नहीं.”

“सहहिस्सेदार लिख देता हूँ.”

“हाँ,” मी म्हणालो. “और साइन के बाद?”

तो पहिल्यांदा माझ्याकडे बघत म्हणाला, “साइन के बाद कुछ नहीं, साहब. हिस्सा ही नहीं रहा तो रिश्ता किस बात का?”

वहिनींनी तोंडाला पदर लावला. निखिलने पेन पुढे केलं. मी नेहमी सही करण्याआधी प्रत्येक पान वाचतो, तुला माहीत आहे. आज वाचलं नाही. त्याने जिथे बोट ठेवलं तिथे सही करत गेलो.